पेटी, पोथी आणि पाटी

देवासच्या ए.बी. रोडवर भूपेंद्रचं मोबाइलचं दुकान आहे. त्या दुकानात आजवर कोणी पेटी घेऊन शिरलं नव्हतं. त्यामुळे शनिवारी सकाळी भाऊ हार्मोनियमची पेटी पोटाशी धरून पायरी चढले तेव्हा भूपेंद्रला वाटलं, म्हातारबुवा कुठल्याशा मंडळाची वर्गणी मागायला आलेत. त्याने बसल्या जागेवरून हात जोडले.

"दादाजी, अभी पिछले हफ्ते ही तो दिया था."

"दिलं असशील रे बाबा," भाऊ म्हणाले, "पण आम्ही घ्यायला नाही आलो, विकत घ्यायला आलोय. म्हणजे, ही आलीय. मी आपला हिच्याबरोबर."

ही म्हणजे त्यांची मुलगी चारुलता. वय बावन्न, देवासच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. तिच्या एका खांद्याला कापडी पिशवी होती आणि हातात रेघा मारलेली एक वही. कोणतीही गोष्ट विकत घेण्याआधी तिची वही होत असे. कुकर घेताना झाली होती, कूलर घेताना झाली होती. आता टॅबलेट घ्यायचा होता आणि आठ दिवस खपून तिने दोन टॅबलेटांवर मामला आणला होता. एक मोठा, बारा इंची, चार स्पीकरवाला, पण जड आणि आरशासारखा चकचकीत. दुसरा त्याहून लहान, हलका, पडदा कागदासारखा निस्तेज, डोळ्यांना थंड, आणि बरोबर एक पेन. किमतीत फरक म्हणावा असा नव्हता. म्हणून तर घोळ होता.

पेटीचं म्हणाल तर ती दुरुस्तीसाठी देवासला आली होती. तिचा भाता फाटला होता आणि दोन पट्ट्या दाबल्या की वर यायचं नाव घेत नव्हत्या. चारुलता म्हणाली होती, मी घेऊन जाते, तुम्ही धारलाच थांबा. पण भाऊ पेटीला एकटीने प्रवास करू देणाऱ्यांतले नव्हते. इंदूरला बस बदलताना त्यांनी पेटीला सीटवर बसवलं होतं आणि स्वतः उभे राहिले होते. कंडक्टर कुरकुरला तेव्हा म्हणाले, "भिया, इनकी तबीयत ठीक नहीं है." आज कारागिराकडून पेटी ताब्यात घेतली आणि तिथून दोघं थेट इथे आली.

खरं तर पेटी दुरुस्त करण्याचा हट्टही चारुलताचाच होता आणि टॅबलेटचाही. मागच्या कार्तिकात आई गेली. वर्षश्राद्ध होऊन आठ दिवस झाले होते. धारच्या दत्तमंदिरात दत्तजयंतीला भाऊंच्या आजोबांनी रचलेली पदं म्हणायची, हा तिथल्या मराठी मंडळींचा ऐंशी वर्षांचा रिवाज. आजोबा संस्थानात कारकून होते, दिवसा खलिते लिहीत आणि संध्याकाळी पदं. आजोबांनंतर वडील आणि वडिलांनंतर भाऊ. गेल्या वर्षी भाऊ बसले नाहीत, ते कोणी मनावर घेतलं नाही. पण ह्या वर्षीही मंडळाचे मल्हारराव विचारायला आले तेव्हा भाऊंनी सांगून टाकलं, "पोथी दिसत नाही आता. अक्षरं लागत नाहीत." मल्हाररावांनी उद्या रविवारपर्यंत वाट बघायचं कबूल केलं होतं. नाहीतर इंदूरहून कॅसिओवाली पार्टी बोलवायची. ती पार्टी एकदा बोलावली की पुढच्या वर्षी भाऊंना कोणी विचारणार नाही आणि भाऊही कोणाला विचारणार नाहीत, हे चारुलताला पक्कं माहीत होतं.

दिसत नाही ना? मग मोठं करू, असा साधा हिशेब तिने मांडला. डॉक्टर म्हणत होते की मोतीबिंदू निघाल्यावर भाऊंची नजर चांगली आहे. पण म्हातारपणी चांगली म्हणजे किती, ते डॉक्टरला काय ठाऊक?

"काकू, हे वाला बघा पहिले," काउंटरवरची मुलगी म्हणाली. तिच्या छातीवर स्वप्नाली अशी पट्टी होती. "आपण मराठी ना? आम्ही पण मराठीच. घरी मराठी बोलतो, बस लिखना-पढ़ना नहीं आता उतना." तिने दोन्ही टॅबलेट खोक्यांतून काढून काचेवर शेजारी शेजारी ठेवले, जशा मुलगी बघायला आलेल्यांपुढे दोन बहिणी बसवतात.

भाऊंनी दोघींकडे पाहिलं. "ह्या पाट्या आमच्या वेळेला दगडाच्या होत्या. फुटल्या तरच आवाज यायचा."

"ह्याच्यात चार स्पीकर आहेत, आजोबा."

"चार तोंडं? म्हणजे ब्रह्मदेवच."

चारुलताने वही उघडली. "वजन. हा लहान हलका आहे, भाऊ. तुमच्या मनगटाला त्रास नको. ह्याला मी दहापैकी नऊ दिलेत."

"मला किती दिलेस?"

तिने पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला. पोथीचे फोटो त्यात होते. मूळ वही आजोबांची, मोडीत लिहिलेली. ती चारुलताच्या आईने, इंदूताईंनी, लग्नानंतरच्या तीन वर्षांत बाळबोधीत उतरवली होती. वही म्हणून नाही, पोथीसारखी, आडव्या सुट्या पानांवर, बारीक, सरळ, शिकवल्यासारख्या अक्षरात. गेल्या आठवड्यात श्राद्धाची मंडळी पांगल्यावर चारुलताने ती पानं खिडकीशी नेऊन एकामागून एक फोटो काढले होते. चौसष्ट फोटो, पंचवीस मिनिटांत. एकही पान वाचलं नाही. नजर पानाच्या कडांवर ठेवायची आणि बटण दाबायचं, असं ठरवून काढले होते.

स्वप्नालीने फोटो दोन्ही टॅबलेटांत टाकले. भूपेंद्रला एव्हाना पेटीची उत्सुकता लागली होती.

"दादाजी, सुनाओ ना कुछ. ट्रायल हो जाएगी."

"इथे?"

"बरोबर बोलतायत ते," चारुलता घाईने म्हणाली. हीच संधी होती. "गाऊन बघितल्याशिवाय कसं कळणार कुठला चांगला?"

"चपला घेताना चालून बघतात तसं का?" भाऊ म्हणाले. पण नवा भाता त्यांनाही ऐकायचाच होता. सकाळी कारागिराकडे त्यांनी दोनदा सा धरून पाहिला होता आणि तिसऱ्यांदा धरताना चारुलताने घड्याळ दाखवलं होतं. त्यांनी गिऱ्हाइकांच्या बाकाकडे पाहून मान हलवली. पेटीला मांडी लागते. मग भूपेंद्रने टीव्हीचं एक रिकामं खोकं फाडून जमिनीवर अंथरलं, भाऊ त्यावर मांडी घालून बसले आणि स्वप्नालीने लहान टॅबलेट चार्जरच्या डब्यांना टेकवून समोर उभा केला.

भाऊंनी चष्मा चढवला, भाता सोडला, सूर धरला. पेटी छान बोलली. पहिलं पद सुरू झालं. बाहेर पाणीपुरीवाल्यापाशी उभ्या असलेल्या दोन बायका आत डोकावल्या. पहिलं कडवं चालू असतानाच, पान सरकतं का ते बघायला चारुलताने वाकून बोटाने पडदा सरकवला, आणि पुढचं पान आलं ते खाली डोकं वर पाय.

"अग्गो बाई!" ती म्हणाली.

"सीधा करते हैं," म्हणत स्वप्नालीने टॅबलेट उलटा केला. टॅबलेट हुशार निघाला. आपल्याला उलटं धरलंय हे ओळखून त्याने चित्रही फिरवलं आणि अक्षरं पुन्हा डोक्यावर उभी राहिली. तिने परत सरळ केला. त्याने परत फिरवलं. तिसऱ्या खेपेला भूपेंद्रने हात घातला, तरी तेच. पुढचं पान सरळ, त्याच्या पुढचं उलटं. एक आड एक, सगळ्या पोथीभर.

भाऊंनी वाजवणं थांबवून हा खेळ पाहिला आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "चारू, पानं उलटलीस कशी तू?"

"कशी म्हणजे? अशी." तिने पुस्तकाचं पान उलटतात तसा उजवीकडून डावीकडे हात फिरवला.

"आणि पोथीचं पान कसं उलटतात?"

चारुलताचा हात हवेतच राहिला. पोथीचं पान खालून वर उचलतात, ताटावरचं झाकण उघडावं तसं. मागची बाजू त्याच हिशेबाने लिहिलेली असते. आडवं फिरवलं की ती उलटी येणारच. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणापासून आईचा हात खालून वर जाताना तिने शेकडो वेळा पाहिला होता.

"तीस वर्षं पुस्तकांत नोकरी!" भाऊ म्हणाले आणि हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "बत्तीस पानं शीर्षासनात! अगं, एखादं तरी बघायचंस!"

त्यांना असं हसताना चारुलताने वर्षभरात पाहिलं नव्हतं. म्हणून ती चिडली नाही. एखादं तरी का बघितलं नाही, तेही तिने सांगितलं नाही.

"दो मिनट लगेंगे, काकू. करते मी," स्वप्नाली म्हणाली. ती एकेक उलटं पान बोटांनी फिरवून पक्कं करू लागली आणि शेजारी चारुलताला आता बघत राहण्याशिवाय इलाज नव्हता. पानं सरळ होत होती. आईचा र, आईचा ण, शेवटी जरा लांबवलेली वेलांटी. स्वप्नाली हिंदी शाळेतली, ती रस्त्यावरच्या पाट्या वाचाव्यात तशी अडखळत वाचत होती.

"काकू, हे किनाऱ्यावर लाल शाईने काय लिहिलंय? इथे... हे... दम घेतात. हे कोण?"

"हे म्हणजे हे," चारुलताने भाऊंकडे बोट केलं. "नवऱ्याचं नाव घेत नसत तेव्हा."

"हां, समजलं! माझी आजी पण उनको म्हणते. आणि इथे, ह्यांना... पाणी द्यावे."

"मला?" भाऊंनी मान वर केली. "तिने असं लिहून ठेवलंय?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला काय माहीत?" ते म्हणाले आणि पेटीची एक पट्टी उगाच वरखाली करून पाहू लागले.

पानं सरळ झाली. भाऊंनी पुन्हा सूर धरला. दारात आता सात-आठ माणसं जमली होती. एक जण स्क्रीनगार्ड लावायला आला होता, तो फोन हातात धरून तसाच उभा. पहिलं कडवं झालं, धृपद झालं, आणि भाऊ थांबले. भाता चालू, सूर चालू, पण शब्द नाही.

चारुलता टॅबलेटकडे वाकली. "दिसत नाही का, भाऊ? मोठं करू?"

"सांग."

"काय सांगू?"

"पुढचा शब्द, अगं! सूर किती धरून ठेवू?"

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चष्मा होता, पण चष्म्यामागचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"तुम्ही वाचत नाही?"

"मी कधी वाचलंय?" भाऊंनी डोळे उघडले आणि भाता सोडून दिला. "एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, लक्ष सुरात. वर वाचायचं कधी? सगळं तोंडपाठ आहे. फक्त कडव्याचा पहिला शब्द कोणीतरी पुढे टाकावा लागतो, मग गाडी आपोआप चालते. तो शब्द ती टाकायची. पोथी तिच्यापुढे असायची, माझ्यापुढे नाही."

चारुलता आठवू लागली. ठवणीवर, त्या लाकडी घोडीवर, पोथी दोघांच्या मध्ये असायची. आई मान खाली घालून बसलेली, ओठ जेमतेम हललेले. बायकांच्या बाजूला बसून झांजांच्या आवाजात ते कधीच ऐकू येत नसे. पान उलटायला बसलेय मी नुसती, असं आई सगळ्यांना सांगायची.

"मग मल्हारकाकांना पोथी दिसत नाही म्हणालात ते?"

"मग काय सांगायचं होतं मल्हाररावांना?" भाऊ पेटीकडे बघत म्हणाले. "दिसत नाही म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत. तू विचारलंस, ते थेट पाटी घेऊन."

स्क्रीनगार्डवाल्याने दारातून विचारलं, "आगे का नहीं सुनाएंगे, दादाजी?"

चारुलताने वही मिटली. वजन, मनगट, डोळ्यांचा थंडावा, सगळे गुण तिने भाऊंना धरून दिले होते. परीक्षेला बसणारा विद्यार्थीच दुसरा निघाला. तिने पिशवीतून स्वतःचा जवळचा चष्मा काढला आणि खोक्यावर, भाऊंच्या डाव्या हाताला, मांडी घालून बसली.

"धरा सूर."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. सूर धरला.

लहान टॅबलेटवर आडवं पान म्हणजे फुटपट्टीएवढी पट्टी दिसत होती. तिने दोन बोटांनी अक्षर मोठं केलं, तर पान सरकून भलत्याच कोपऱ्यावर गेलं. ते ओढून आणेपर्यंत कडवं संपलं होतं, भाऊ सूर धरून ताटकळले होते, आणि तिने शब्द टाकला तोवर ताल निघून गेला होता.

"गाडी सुटली," भाऊ म्हणाले. "पुढच्या स्टेशनावर चढा."

लोक हसले. चारुलताही हसली. "स्वप्नाली, तो मोठा दे गं."

"पण काकू, तो जड आहे. तुमच्या वहीत..."

"वजन ठवणीला होणार आहे. ती तक्रार करत नाही."

मोठ्यावर पान ऐसपैस बसलं. पण पडद्यावर वरची ट्यूबलाइट लख्ख दिसत होती आणि तिच्या उजेडात अर्धी ओळ बुडाली होती. न सांगता भूपेंद्रने ती ट्यूब बंद केली. "इस पे फिल्म लगा देंगे दीदी, कागज जैसी. चमक खतम. मेरी तरफ से."

"सातवं म्हणतो," भाऊ म्हणाले. "लहान आहे. तुला सोपं जाईल."

चारुलताने सातव्या पदाचं पान काढलं. समासात लाल शाईच्या चार ओळी होत्या, बाकीच्यांहून बारीक. तिने त्या वाचल्या. "इथे हे पहिल्यानंतर एकदम तिसरे कडवे धरतात. दर वर्षी. धरू द्यावे. मग दुसरे सांगावे. चुकले असे म्हणू नये."

त्या ओळी कोणासाठी लिहिल्या असतील, ह्याचा विचार करायला वेळ नव्हता. पेटी सुरू झाली होती. भाऊंचा आवाज आता मोकळा झाला होता. पहिलं कडवं झालं, धृपद आलं. दुसऱ्याचा पहिला शब्द होता "झोळी". चारुलताच्या जिभेवर तो येऊन उभा राहिला, आणि तिने तो तिथेच धरून ठेवला. भाऊ कोणासाठी थांबले नाहीत. मिटल्या डोळ्यांनी, मोठ्या खात्रीने, त्यांनी "खडावा" म्हणून तिसरं उचललं. ते पूर्ण झालं. धृपद झालं. मग भाऊ किंचित थांबले आणि त्यांची मान जरा डावीकडे झुकली.

"झोळी," चारुलता हळूच म्हणाली.

मान सरळ झाली आणि कडवं निघालं. एकही मात्रा हुकली नाही. समेवर आले तेव्हा बायकांनी हात जोडले. त्यांच्यातली एक भूपेंद्रला म्हणाली, रोज असतं का इथे?

"जमलं की!" भाऊ म्हणाले. घाम पुसता पुसता त्यांनी तिच्याकडे परीक्षकासारखं पाहिलं. "सातवं मी बरोबर म्हणतो. त्याच्यात मला कोणी धरू शकत नाही."

"हो, भाऊ."

"हाच घे. मोठा."

"हाच घेते. पण फोटो पुन्हा काढावे लागतील. समासाच्या कडा कापल्या गेल्यात काही ठिकाणी." ती पडदा पुसत म्हणाली. "उद्या तुमच्याबरोबर धारला येते. दोन दिवस राहीन."

"दोन दिवस कशाला? पंचवीस मिनिटांत काढले होतेस."

"ह्या वेळी वाचून काढीन."

स्वप्नाली बिल करू लागली. भाऊंनी खिशातून आपला जुना बटणांचा फोन काढला, नंबर लावला आणि ऐकू नीट यावं म्हणून नेहमीप्रमाणे स्पीकर मोठा केला.

"मल्हारराव, तो कॅसिओ राहू द्या. मी बसतोय."

"अरे वा!" मल्हाररावांचा आवाज अख्ख्या दुकानात घुमला. "दिसायला लागलं का?"

"सोय झालीय. पाटी घेतलीय."

"आणि पोथीला कोण? इंदूताईंच्या जागेवर?"

भाऊंनी फोन चारुलतापुढे धरला. तिने बिल बाजूला ठेवलं.

"मी बसते, मल्हारकाका."

"तू? छान, छान! जमेल ना बाळ? शब्द वेळेवर टाकावा लागतो बरं. चुकायचं नाही."

"चुकलं तर भाऊ आहेत सांभाळायला."

"तो काय सांभाळणार!" मल्हारराव खदखदून हसले. "अगं, तोच मुळी त्या सातव्या पदात दर वर्षी..."

चारुलताने भाऊंच्या हातातून फोन ओढला, दिसेल ते बटण दाबून स्पीकर बंद केला आणि कानाला लावून दुकानाच्या पायरीवर आली. ए.बी. रोडवर इंदूरची बस हॉर्न वाजवत चालली होती. "हॅलो? हॅलो, काका? तुटतोय आवाज. हो. हो, मला माहीत आहे. आईने लिहून ठेवलंय. नाही, त्यांना नका सांगू. बरं. गुरुवारी? चालेल."

ती आत आली तेव्हा भाऊ पेटीचं झाकण लावत होते.

"काय म्हणत होते सातव्या पदाचं?"

"म्हणाले, सातवं तुमच्यासारखं कोणालाच येत नाही," चारुलता म्हणाली. "गुरुवारी तालमीला बोलावलंय."